टाकलेल्यांचे आडनाव

आडनाव म्हणजे घराण्याचा अभिमान, असे आपण सहज मानतो. परंतु ज्याला घरच लाभले नाही, त्याने कोणते आडनाव लावावे? इटलीत या प्रश्नाची उत्तरे प्रांतोप्रांती निराळी मिळाली. नेपल्सच्या अनुन्झियाता संस्थेच्या भिंतीत एक फिरते चक्र होते. १८७५ साली ते बंद होईपर्यंत त्यात तान्ही मुले ठेवली जात. त्यांतील अनेकांना ‘एस्पोझितो’, म्हणजे उघड्यावर टाकलेला, हे नाव मिळाले. रोमकडील ‘प्रोइएत्ती’चा अर्थही तसाच. फ्लोरेन्सच्या १४४५ साली उघडलेल्या अनाथालयाने मात्र ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप, हे नाव दिले. मिलानच्या रुग्णालयाने आपल्या चिन्हावरून ‘कोलोंबो’, म्हणजे पारवा.

दया सर्वांनीच केली, हे आम्ही मान्य करतो. पण एका नावाने दुसऱ्याची कृती बालकाच्या कपाळी कोरली; दुसऱ्याने बालकाकडे पाहिले. अन्नासोबत कलंक देणारी दया अपुरीच नव्हे काय?

आज नेपल्समध्ये एस्पोझितो हे अत्यंत प्रचलित आडनाव आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी आणि संसारांनी त्यातील लाज पुसली. नाव देणाऱ्यांची चूक नाव वाहणाऱ्यांना निस्तरावी लागली. म्हणून कुणाला हाक मारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे: हे ओझे उद्या कोण वाहणार आहे?