बरे झालेल्याचे ऋण

भोग सरला की त्याची आठवणही नको, असे माणसाला वाटते. कर्करोगातून उठलेल्याला तर घरची मंडळी बजावतात, “आता त्या इस्पितळाची पायरी चढू नकोस.” त्यांचे तरी काय चुकले? पण प्रश्न असा की, भोगून जे कळले ते आपल्यापाशीच ठेवावे काय?

न्यूयॉर्क शहरी टेरीज लॅसर नावाची बाई होती. १९५२ साली कर्करोगामुळे तिचे स्तन काढावे लागले. शस्त्रक्रिया पार पडली. पण पुढे हात वर कसा न्यावा, कपडे कसे करावे, घरच्यांशी काय बोलावे, हे कोणी सांगेना. तिने आपली वाट आपणच काढली, आणि मग अशाच इतर बायांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागली. हाताच्या व्यायामाला चेंडू नि दोरी, आणि धीराचे चार शब्द, एवढीच शिदोरी. काही डॉक्टरांना हे रुचले नाही. तरी ती जात राहिली. अखेर १९६९ साली अमेरिकेतील कर्करोग संस्थेने ते काम आपल्याकडे घेतले.

डॉक्टरांची शंका अगदीच फोल होती असे आम्ही म्हणत नाही. बरा झालेला म्हणजे वैद्य नव्हे. “मी भोगलंय, मला सगळं ठाऊक” हा अहंकार सेवेतही शिरतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला सांगितले तर घात होतो. जुना वारकरी नवख्याला पाणी कुठे, चढ कुठे एवढे सांगतो. त्याच्या वतीने चालत नाही, आणि तुझे पाय दुखत नाहीत असेही म्हणत नाही. वाट एक असली तरी पाय ज्याचे त्याचे.

दुसरे असे की, रोग्याला “तुझं प्रारब्ध!” म्हणून मोकळे होणारे आपल्यातही आहेत. प्रारब्ध आपले आपण म्हणावे. दुसऱ्याचे काढू नये. त्याच्या वाट्याला आपली सेवा यावी, हेही प्रारब्धात नसेल कशावरून?

मुंबईस दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे रोगी तिथे उतरतात. जो बरा झाला त्याने अशा ठिकाणी जावे. आपली कथा मागाहून सांगावी, आधी “माउली, काय हवं?” म्हणून विचारावे, उत्तर नीट ऐकावे, आणि त्यातले जे इस्पितळाला कळायला हवे ते विनयाने डॉक्टरांच्या कानी घालावे. हे पुण्य नव्हे, ऋण आहे. आणि ऋण फेडताना मान मागायचा नसतो.

रामकृष्ण हरि.