बिनखडीचा कॉन्ट्रॅक्टर

आमच्या वारणानगरच्या बाजूला कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की काही ठरावीक गोष्टी डोळ्यांपुढं उभ्या राहतात. पांढरीशुभ्र कापडं, धुळीनं माखलेली जीप, खडीचा ढीग आणि पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता. त्यामुळं शेजारच्या आप्पांचा धाकटा ‘कॉन्ट्रॅक्टर’ झाला असं कळल्यावर गल्लीतल्या दोघातिघांनी त्याला संडासाच्या टाकीचं काम सांगून पाहिलं. पण हा गडी माडीवर बसतो, कानाला यंत्र लावतो आणि भर दुपारी कुणाला तरी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. एका इंग्लिश कंपनीचं संगणकाचं काम तो घरबसल्या करतो. तिचा नोकर नव्हे, कॉन्ट्रॅक्टर! खडी नाही, सिमेंट नाही, टेंडरसुद्धा नाही. आणि वर्षाला 40 लाख.

आता एवढा पैसा म्हटल्यावर सल्लागार आलेच. गुळाला मुंगळ्यांचा पत्ता सांगावा लागत नाही. पुण्याच्या कुणा मित्रानं पोराच्या डोक्यात भरवलं, की पैसा इकडं आणूच नकोस. दुबईत खातं काढून देतो, तिथंच साठू दे, इन्कमटॅक्सवाल्यांच्या बापाला दिसणार नाही. खातं काढून देण्याची फी तेवढी आगाऊ.

आप्पा माझ्याकडं आले. मी पेन्शनर मास्तर. म्हणजे ज्याचा कर हातात पगार पडण्याआधीच कापला गेला, असा सक्तीचा प्रामाणिक माणूस.

“गुरुजी,” आप्पा म्हणाले, “ह्यात कुणाचं काय घेतलं पोरानं? पैसा सायबाचा, डोस्कं पोराचं. आणि मी जन्मभर उसाचं बिल घेतलं, कधी दमडी इन्कमटॅक्स भरला न्हाई. पाप लागलं का मला?”

प्रश्न वाटतो तेवढा भोळा नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे खरंच आहे. ते बरोबर की चूक यावर शहरातले लोक तावातावानं बोलतात. मी इथं राहतो, म्हणून गप्प बसतो. पण त्या सवलतीत लपवाछपवी नाही. सरकारनं कायद्यात उघड लिहून ते सोडलं आहे. पाहुण्यानं ताटातलं वाढून दिलं ते खाणं निराळं आणि रात्री त्याच्या फडताळात हात घालणं निराळं, जिन्नस एकच असला तरी. भारतात राहणाऱ्याची मिळकत जगात कुठंही झाली तरी तिच्यावर इथं कर आहे. ती सोडल्याचं कुठंही लिहिलेलं नाही.

आप्पांना हे पटेना. मग मी काट्यावर आलो. ऊसपट्ट्यात ‘काटामारी’ या शब्दाइतकी जहरी शिवी दुसरी नाही. गाडीत वीस टन ऊस आणि पावतीवर अठरा म्हटलं की माणसं रस्त्यावर उतरतात. तात्यासाहेब कोरे यांनी इथं सहकार उभा केला, त्या परिसरातल्या 70 गावांत संगणक बसवायची योजना 1998 मध्ये आली. तिचा एक उपयोग हाच, की शेतकऱ्याला आपलं टनेज आणि आपलं बिल गावातच बघता यावं. वजन उघड्यावर असावं, एवढीच आपली मागणी. मग पोराच्या 40 लाखांचं वजन तेवढं दुबईच्या अंधारात का?

“काटा कारखान्याचा असतोय,” आप्पा म्हणाले. “हितं पोरगा काय वजन करतोय?”

“हितं तोच काटेवाला आहे, आप्पा. विवरणपत्र तो स्वतः भरतो. आपला आकडा आपणच सांगायचा, हाच त्यातला घोळ आहे.”

यावर ते जरा वेळ गप्प बसले. एरवी आप्पांना गप्प बसवायला पाव्हणेरावळे लागतात.

पण खुद्द साहेबाच्या देशात काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. तिथल्या हजारो कॉन्ट्रॅक्टरांना सल्लागारांनी अशीच युक्ती सांगितली. पगार घ्यायचा नाही, परदेशी बेटावरच्या ट्रस्टकडून ‘कर्ज’ घ्यायचं. कर्जावर कर नाही, आणि हे कर्ज कधी फेडायचं नाही! (कधी न फेडायचं कर्ज ही कल्पना आपल्याकडं पतपेढीच्या संचालकांना समजावून सांगावी लागत नाही.) 2017 मध्ये तिथल्या पार्लमेंटनं कायदा केला आणि 5 एप्रिल 2019 रोजी शिल्लक असलेली अशी वर्षानुवर्षांची कर्जं एकदम उत्पन्न म्हणून धरली. सल्लागारांनी आपलं कमिशन आधीच घेतलं होतं. बिलं आली ती कॉन्ट्रॅक्टरांच्या घरी. काही कुटुंबं धुऊन निघाली. काहींनी जीव दिला. इथं विनोद सुचत नाही.

आणि दुबईचा अंधार तरी कुठं राहिलाय? शंभरावर देश बँकखात्यांची माहिती एकमेकांना आपोआप कळवतात. अमिरातींचीही त्या करारावर सही आहे. स्वित्झर्लंडसारख्या मिठाच्या गुळणीवाल्या देशानं 2019 मध्ये भारताला पहिली यादी दिली.

मी वर्तमानपत्राच्या समासावर हिशेब मांडला. असल्या धंद्यात रोखीचा व्यवहार नसला, तर 75 लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मी रक्कमच नफा धरायची सवलत कायदाच देतो. म्हणजे 40 चे झाले 20 लाख. 2025-26 च्या नव्या पद्धतीच्या दरांनी त्यावर कर, सेससकट, 2 लाख 8 हजार. आता लपवून सापडला तर? परदेशी काळ्या पैशाचा 2015 चा कायदा. सवलत नाही, वजावट नाही, 40 वर सरळ 30 टक्के, म्हणजे 12 लाख. शिवाय कराच्या तिप्पट दंड, 36 लाख. बेरीज 48. मिळवले 40! वर जाणूनबुजून केलं म्हणून 3 ते 10 वर्षं सक्तमजुरी होऊ शकते, ती वेगळीच.

आप्पांनी चष्मा लावून समास दोनदा वाचला. चेहरा उतरला. मला वाटलं, 48 चा आकडा लागला.

“म्हंजे गुरुजी, सरकारी कागदावर पोराची कमाई 20 लाखच?”

“हो. तोच तर फायदा.”

“कसला फायदा! कागलच्या पावण्यांस्नी मी 40 सांगून बसलोय. उद्या पोरीच्या बापानं कागद मागितला तर?”

“दाखवा की. उरलेले 20 खर्च धरलेत म्हणून सांगा.”

“खर्च?” आप्पा उठून उभेच राहिले. “दरसाल 20 लाख खर्च करणाऱ्या उधळ्याला कोण पोरगी देतंय, गुरुजी?”