वेळ आली म्हणजे काय?

‘ज्याची वेळ आली त्याला हेल्मेट वाचवत नाही, आणि ज्याची आली नाही त्याचं ट्रकही काही बिघडवत नाही.’ साताऱ्यात मोटारसायकलवाल्यांच्या घोळक्यात थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर येतंच. रविवारी सकाळी आम्ही पोवई नाक्यावर जमतो, चहा घेतो आणि कधी यवतेश्वरच्या घाटाने कासकडे, कधी मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरकडे निघतो. निघेपर्यंत गाड्यांवरून वाद रंगलेला असतो. जुनी बुलेट चांगली की नवी, वळणात गाडी किती झोपवायची, उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवावं की नाही. प्रत्येकाकडे अनुभव असतो, आकडे असतात. सुरक्षिततेचा विषय निघाला की मात्र सगळे पुरावे बाजूला पडतात आणि थेट प्रारब्ध येतं. एरवी चेनच्या ढिलाईवरून तासभर भांडणारी माणसं या एका वाक्यापुढे गप्प होतात.

मी व्यवसायाने वैद्य आहे. आयुष्य आधीच ठरलेलं असतं का, हा प्रश्न मला अभ्यासक्रमात होता, म्हणून हे वाक्य मला ऐकून सोडून देता येत नाही. बोलणारा ते धर्माचं म्हणून बोलतो आणि ऐकणारे धर्माचा मान राखून माना डोलावतात. माझं म्हणणं असं की आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर या वाक्याच्या बरोबर उलट दिलेलं आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय आहे, जनपदोद्ध्वंसनीय. पांचाल देशात, काम्पिल्य राजधानीजवळ, उन्हाळ्याच्या अखेरीस पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह गंगेच्या काठच्या वनात फिरत आहेत. तिथे अग्निवेश त्यांना विचारतो, की भगवन्, आयुष्याचं माप नेमलेलं असतं की नसतं? आत्रेयांच्या उत्तराचा गाभा असा की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोघांवर अवलंबून आहे. मागल्या देहात आपणच केलेलं कर्म ते दैव, या देहात करतो तो पुरुषकार. दैव दुबळं असेल तर पुरुषकार त्याला मागे सारतो, आणि दैव बलवान असेल तर पुरुषकाराचं काही चालत नाही. एवढ्यावर थांबले असते तर मीही हा अध्याय परीक्षेपुरता वाचून मिटला असता. पण आत्रेय पुढे युक्तिवाद करतात. सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असेल तर दीर्घायुष्यासाठी कुणी औषध घेणार नाही, व्रत करणार नाही. उधळलेला बैल, पिसाळलेला हत्ती, उंट, घोडा समोरून आला तर बाजूला व्हायचं कारण उरणार नाही. कडा, खडबडीत वाट, पाण्याची ओढ, बेभान माणूस, कशालाच टाळायला नको. उधळलेल्या बैलाच्या जागी मी भरधाव डंपर ठेवते आणि वाक्य तसंच्या तसं लागू पडतं. आमच्यातला सगळ्यात ठाम प्रारब्धवादीसुद्धा डंपर दिसला की गाडी कडेला घेतोच.

त्यापुढचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आत्रेय म्हणतात, हे तर आमच्या डोळ्यांसमोर आहे: रोज उठून रणात उतरणारी हजारो माणसं आणि कधीच न उतरणारी हजारो माणसं, यांची आयुष्यं सारखी भरत नाहीत. एका माणसाची गोष्ट सांगून ते प्रश्न मिटवत नाहीत, हजारांशी हजार ताडून पाहतात. आमच्या कट्ट्यावर नेमकी याच्या उलट रीत आहे. कुणाचा तरी मामा हेल्मेट घालून गेला, कुणाचा तरी मित्र डोक्यावर पडूनही उठून बसला, आणि संपलं. हेल्मेट घातलेले आणि न घातलेले अपघातग्रस्त समोरासमोर ठेवून जगभरच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २००८ साली निघाला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं आढळलं. ४२ टक्के म्हणजे शंभर नव्हे. उरलेल्याला दैव म्हणा, माझी हरकत नाही. पण जे आपल्या हातात आहे तेही दैवाच्या खात्यावर टाकायला चरक परवानगी देत नाही.

आणि मग गाडीचा आस येतो. आत्रेयांनी आयुष्याला गाडीच्या आसाची उपमा दिली आहे. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर आपलं माप पुरं झाल्यावर झिजून संपतो, तसं काळाने आलेलं मरण. तोच आस मध्येच मोडतो तो का? ओझं फार झालं म्हणून, रस्ता विषम म्हणून, रस्ता सोडून गाडी घातली म्हणून, चाक मोडलं म्हणून, ओढणाऱ्या जनावराच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, चाकाची खीळ निसटली म्हणून, वंगण नाही म्हणून, गाडी उलटली म्हणून. हे मी एकदा आमच्या मेकॅनिकला वाचून दाखवलं. तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. मग त्याने एकेक जुळवत नेलं: ट्रिपलसीट आणि दुधाचे कॅन, खड्डे, गुळगुळीत टायर, कोरडी चेन, एक्सलचा ढिला नट. ‘डॉक्टर, यातलं एकही दैवाचं नाही की,’ तो म्हणाला. अकाली मृत्यूची ती यादी त्याला स्वतःच्या जॉबकार्डासारखी वाटली, आणि मला त्या दिवशी चरक नव्याने कळला.

आमच्यात वेदान्त वाचणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा आक्षेप अधिक वरच्या पायरीवरचा. आत्मा मरत नाही, देह मिथ्या, मग या मातीच्या गोळ्याची एवढी काळजी कशाला? मोटारसायकलवरचं जगातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणारा रॉबर्ट पर्सिग तरुणपणी बनारस हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकायला आला होता. १९७४ सालच्या त्या पुस्तकात तो सांगतो, की वर्गात जग मिथ्या असल्याचं पुन्हा एकदा ऐकल्यावर त्याने विचारलं, हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बॉम्बही मिथ्या का? प्राध्यापक हसून हो म्हणाले. तो वर्गातून निघाला आणि भारतातूनही. मला त्या प्राध्यापकांच्या हसण्याचं दुःख होतं, कारण शांकर मतात त्या प्रश्नाला सरळ उत्तर होतं. ज्ञान होईपर्यंत व्यवहाराच्या पातळीवर भूक खरी, जखम खरी, औषधही खरं. गुरुजी, तुम्ही पंक्चर काढताना टायर मिथ्या म्हणून सोडून देत नाही, मग डोकंच का सोडता, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारीही ते टोपी घालूनच आले.

आमच्यातल्या केटीएमवाल्या पोराचं म्हणणं मात्र मी सहज उडवून लावू शकत नाही. तो म्हणतो, ‘ताई, जरा भीती वाटली नाही तर गाडी चालवण्यात मजा काय?’ तो प्रारब्धाचं नावही काढत नाही. वळणात गाडी झोपवून, नजर वळणाच्या शेवटाकडे लावून तो जातो तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरा विचार नसतो, आणि ती एकाग्रता मला खरी वाटते. मी वडिलांची येझदी चालवते. म्हैसूरच्या कारखान्यात झालेली, एकाच दांड्याने किक मारायची आणि तोच दांडा फिरवून गिअर टाकायचे. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही आणि ड्रम ब्रेक तापले की सैल पडतात, त्यामुळे घाट उतरताना मला फार आधीपासून विचार करावा लागतो. आमच्यातल्या बुलेटवाल्या काकांचं जड इंजिन खालच्या गिअरमध्ये त्यांना आपोआप आवरतं. पोराकडे डिस्क आहे, एबीएस आहे. यंत्राने तिघांना तीन स्वभाव दिले आहेत आणि कुणाचा स्वभाव खोटा म्हणायचं मला कारण दिसत नाही.

पण चूक कुठे होते हे पाहायला चरकाने दिलेलं एक साधन मी नेहमी वापरते. अशा चुकीला तो प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीचा अपराध, म्हणतो आणि त्याची मुळं तीन सांगतो: धी, धृती आणि स्मृती यांचा बिघाड. धी म्हणजे जे आहे ते आहे तसं समजणं. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, ही गावोगाव सांगितली जाणारी समजूत धीचा बिघाड. ब्रेक लावताना वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. धृती म्हणजे मनाला आवर. पोराचं सगळं ज्ञान बरोबर असतं, पण कुणी ओव्हरटेक केलं की त्याचा हात ॲक्सिलरेटर पिळतोच. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. स्मृतीचं उदाहरण बुलेटवाले काका. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. त्यांनी आयुष्यभर तीच चालवली. मुलाने नवी घेऊन दिली, तिचं सगळं उलट. शांत रस्त्यावर ते चुकत नाहीत. कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या जागी जातो. प्रत्येकाचा बिघाड वेगळा, म्हणून सगळ्यांना एकच उपदेश देऊन काही साधत नाही. काकांना मी मोकळ्या मैदानावर अचानक थांबायचा सराव करायला लावते. पोराला मैदानाची गरज नाही, त्याला थांबवून धरील असं माणूस हवं.

इथवर सगळा भार चालवणाऱ्यावर आला, आणि तो अन्याय आहे. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा लॉस एंजेलिसमधल्या मोटारसायकल अपघातांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोन वाहनांच्या धडकेत बहुतेक वेळा दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा मार्गाचा हक्क मोडलेला होता, असं त्यात दिसलं. म्हणजे नीट चालवणाराही जातो. आमच्यातला एक असाच गेला. हेल्मेट चांगलं, वेग बेताचा, चूक समोरच्याची. त्याची आई मला म्हणाली, ‘वेळच आली होती त्याची.’ मी मान हलवली आणि त्यात काही खोटं केलं असं मला अजून वाटत नाही. ज्याला जे करता येणं शक्य होतं ते त्याने केलं होतं, आणि उरलेल्याला नाव द्यायला त्या बाईकडे दुसरा शब्द नव्हता. तेच वाक्य गाडीला किक मारण्याआधी उच्चारणं ही मात्र निराळी गोष्ट आहे. तिथे अजून काहीही घडलेलं नसतं.

त्या आईच्या वाक्याला चरकाचा तो अध्याय आणखी एक बाजू जोडतो, आणि त्या बाजूबद्दल आमच्या कट्ट्यावर कुणीच बोलत नाही. अध्यायाचा मूळ विषय एका माणसाचं मरण हा नाहीच. वेगवेगळ्या प्रकृतीची, वयाची, बळाची माणसं एकाच वेळी का मरतात, हा प्रश्न आहे. आत्रेय सांगतात, की वारा, पाणी, देश आणि काळ हे सगळ्यांचे सामाईक आहेत, आणि ते बिघडतात त्याच्या मुळाशी अधर्म असतो. देशाचे, नगराचे प्रमुख धर्म सोडून वागतात, मग त्यांच्या आश्रयाचे लोक आणि व्यापारी तो अधर्म वाढवत नेतात. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. सरकारच्याच अहवालातले हे आकडे वाचताना मला काम्पिल्यातला तो प्रश्न आठवतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर पुण्याच्या बाजूला उतरताना जे एस आकाराचं वळण लागतं, तिथे वर्षानुवर्षं अपघात होत आले. एकाच वळणावर इतक्यांची वेळ कशी येते? तिथे आखणी करणाऱ्याचा पुरुषकार कमी पडला, असं म्हणायला आपली जीभ अडखळते, कारण मरणाऱ्याच्या पूर्वजन्मावर बोट ठेवणं फार सोपं असतं. अशा ठिकाणी प्रारब्ध हा शब्द ठेकेदाराच्या सोयीचा होतो. मी देव मानते, आणि म्हणूनच देवाच्या नावाचा असा उपयोग मला पाप वाटतो.

राजस्थानात पालीजवळ चोटिला गावाशी ओम बन्नांचं स्थान आहे. १९८८ साली अपघातात गेलेल्या तरुणाची बुलेट तिथे काचेआड ठेवलेली आहे आणि तिची पूजा होते. पोलिसांनी नेलेली गाडी पुन्हा पुन्हा अपघाताच्या जागी परतली, अशी कथा सांगतात. आमच्यातले लांब जाणारे तिथे थांबून हात जोडून येतात, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही. मीही खंडेनवमीला येझदीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ घालते. फक्त माझी पूजा आदल्या दिवशी सुरू होते. शस्त्राची पूजा करणारा शिपाई आधी शस्त्र उतरवून, पुसून, धार पाहून घेत असणार. मी चेन धुऊन वंगण देते, ब्रेकची केबल पाहते, टायरची नक्षी किती उरली ते बघते, आणि मग हात जोडते. हात जोडताना मागायचं काय तेही त्यामुळे नेमकं कळतं, कारण माझ्या वाट्याचं उरकलेलं असतं.

यंदा आमचा अख्खा गट खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मेकॅनिकच्या गॅरेजवर येणार आहे, एकमेकांच्या गाड्या तपासायला. काकांनीही होकार दिला. त्यांनी आता स्वतःसाठी आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घेतलं आहे, पण मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या काकूंना ते देत नाहीत. साडीवर बरं दिसत नाही, आणि ती काय गाडी चालवते का, हे त्यांचं म्हणणं. मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, हे मी सांगून पाहिलं, चरकही सांगून पाहिला. २०२२ साली हेल्मेट नसताना गेलेल्यांत मागे बसलेले १४,३३७ होते, हा आकडा ऐकून ते थोडे थबकले आणि मग म्हणाले, ‘तिची पुण्याई मोठी आहे.’ आता मी काकांशी वाद घालायचं थांबवलं आहे. येत्या रविवारी दोन मापांची हेल्मेटं घेऊन सरळ काकूंकडे जाणार आहे, आणि अंबाडा असताना कुठलं नीट बसतं ते त्यांच्याच आरशासमोर बघणार आहे.