घर बंद

आमच्या दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेलं 'पी' हे अक्षर कितीतरी दिवस तसंच होतं. पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस बायका घरोघर फिरतात. घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला असेल तर दारावर 'पी'. कुणी राहिलं असेल, दाराला कुलूप असेल, तर 'एक्स', म्हणजे इथं पुन्हा यायचं. वीटभट्ट्या, ऊसतोड्यांच्या कोप्या, एसटी स्टँड, काही म्हणजे काही सोडलं नाही त्यांनी. नैसर्गिक विषाणूनं झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. त्यात या खडूचा वाटा मोठा आहे.

ती खूण पाहताना एकदा मनात आलं, मनाच्या दुखण्यासाठी कुणी असंच दारोदार आलं तर? चालेल का आपल्याला दारावर खूण? मी तरी ती दिवेलागणीच्या आत ओल्या फडक्यानं पुसली असती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

आजवर आपण उलटी रीत ठेवली. दुखणेकऱ्यानं दवाखान्यापर्यंत जायचं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार मिळू लागले, पण जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे काही शेजारचं गाव नव्हे. सगळे लोक आपल्याविषयीच कुजबुजतात अशी ज्याला धास्ती आहे, त्याला भरलेल्या एसटीत तीन तास बसवायचं. सोबत दोन माणसं, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. मग केसपेपरची रांग, औषधाची रांग, महिनाभराच्या गोळ्या आणि परतीची गाडी. औषध त्या धास्तीवरचं, आणि ते आणायला आधी त्या धास्तीतूनच जायचं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण शंभरात 70 ते 92 निघालं. त्याला आपण सरसकट 'लोकांचं अज्ञान' म्हणतो. मला त्यातलं निम्मं तरी एसटीचं वेळापत्रक वाटतं.

म्हणून काही जणांनी गाडीच फिरवली. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेनं 2010 च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक बस सुरू केली. बसमध्ये एका बाजूला पडद्यावर चेन्नईतले मनोविकारतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला औषधांचं कपाट. गावात बस थांबायची, माणूस चढायचा, बोलायचा, गोळ्या घेऊन उतरायचा. आणखी एक प्रयोग आपल्या जवळचा. सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांचा अभ्यास झाला. सगळ्यांनाच नेहमीचे दवाखान्यातले उपचार होते. त्यांतल्या काहींच्या घरी मात्र गावपातळीवरचे, डॉक्टर नसलेले, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते नेमानं जात राहिले. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. घरी गेल्यानं फरक पडला, पण बेताचा. जिथं आधी फारसं काहीच नव्हतं त्या ग्रामीण तामिळनाडूत तो सर्वांत ठळक होता. 'बेताचा' हा शब्द मला आवडला. घरी जाणं ही जादू नाही, एवढं त्यातून कळतं.

अलीकडे एका आशाताईंशी निवांत बोलणं झालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या हद्दीत गोळ्यांवर असलेला एक तिशीतला माणूस आहे. त्या त्याला 'दादा' म्हणतात, वयानं लहान असला तरी.

"शेजारीण विचारतेच," त्या म्हणाल्या, "काय गं, आज यांच्याकडं कशी? मी सांगते, काकूंचा बीपीचा फॉर्म भरायचाय."

"आणि आत गेल्यावर?"

"आत खरं. दादा, झोप लागते का, गोळी घेतली का, हेच विचारायला आले म्हणते. त्याला खोटं कसं सांगणार? त्याच्या घरात बसून?"

पहिल्यांदा मला ते खटकलं. आजार लपवूनच लाज वाढते, उघड बोलायला हवं, हे आम्ही लिहिणारे लोक किती सहज लिहितो. पण ती लाज ज्याच्या वाट्याची आहे, उघड बोलायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, घरी आलेल्या पाहुणीनं नाही. उंबऱ्याच्या बाहेर बीपी आणि आत खरं, ही त्या बाईंनी स्वतःच आखलेली रेघ मला पुष्कळ विचारांती पटली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात घरी राहून पुनर्वसनाच्या सेवा आहेत आणि गोपनीयतेचा हक्कही आहे. कायद्यात ती दोन वेगळी कलमं आहेत. या बाईंना ती दोन्ही एकाच पिशवीत घालून गल्लीतून चालत जायचं असतं, सगळ्या ओट्यांवरून बघणारे डोळे चुकवत. आणि मोठ्या अक्षरांत 'मनोरुग्ण' लिहिलेली गाडी दारात उभी करणाऱ्यानं निदान एकदा तरी त्या गल्लीत राहून बघावं.

बीपीचा फॉर्म ही अगदीच थापही नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशा भरतात, त्याला त्या 'सीबॅक' म्हणतात. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का, असं विचारत विचारत शेवटाकडे दोन प्रश्न मनाचे येतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटेनाशी झालीय का, उदास वाटतं का. टेप गुंडाळून ठेवायची आणि त्याच सुरात हे विचारायचं. समोर सून, शेजारी लसूण सोलत बसलेली सासू. दोन खोल्यांचं घर, मधे पडदा. "काय नाय, सगळं बरंय," सून म्हणते. आशाताई शून्य लिहितात.

'घरपोच' या शब्दाची भुरळ मला इथं सुटू लागली. सिलिंडर घरपोच आला की सोय झाली, पण जिचा त्रासच घरात राहतो तिला घरपोच उपचाराचा काय उपयोग? झिम्बाब्वेत हरारे इथं डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी 2006 मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी आज्या शिकवून तयार केल्या आणि दवाखान्याच्या आवारात, उघड्यावर, एक लाकडी बाक ठेवला. घरही नाही आणि डॉक्टरची खोलीही नाही. त्या आज्या 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. शोना भाषेत त्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, फार विचार करणं. आपल्याकडे म्हणतात तसंच, विचार करकरून डोकं भणाणलंय. मी आशाताईंना तुमचा बाक कुठं, असं विचारलं. "अंगणवाडी," त्या म्हणाल्या. "लसीकरणाच्या दिवशी सासवा येत नाहीत." त्या सुनेचे दोन्ही प्रश्न त्यांनी तिथं, बाळाला मांडीवर घेऊन, पुन्हा विचारले होते. उत्तर काय आलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तरीही घरी जाण्याला एक मोल आहेच, आणि ते औषधाच्या पाकिटात मोजता येत नाही. दवाखान्यात 'बसा' डॉक्टर म्हणतात. घरी तोच शब्द रुग्णाच्या तोंडी असतो. खुर्ची तो पुसून देतो, चहा त्याच्या घरचा असतो. आशाताईंचे दिवसाला सात-आठ कोरे चहा होतात. पित्त होतं, पण नाही म्हणायची सोय नाही. काही घरांत 'नको' म्हटलं की त्याचा अर्थ 'आमच्या हातचं चालत नाही' असा घेतला जातो, आणि तो अर्थ गावात उगाच तयार झालेला नाही. पुढच्या खेपेला दार अर्धंच उघडतं.

आणि अर्ध्या दाराचाही मान ठेवायला हवा. दवाखाना नको झाला तर माणूस उठून घरी जाऊ शकतो. घरी आलेल्यांपासून उठून तो कुठं जाणार? म्हणून इथं एकदा घेतलेली परवानगी पुरत नाही, प्रत्येक खेपेला नव्यानं विचारावं लागतं.

त्याहून अवघड असतं ते परत येत राहणं. प्रकल्प सुरू होतात, गाडीला नारळ फुटतो, फोटो निघतात. दीड-दोन वर्षं दर मंगळवारी कुणी तरी येतं, नावानं हाक मारतं, झोप लागली का विचारतं. मग निधी संपतो आणि मंगळवार नुसताच येतो. ज्याला आधीच वाटतं की माणसं आपल्याला टाकून जातात, त्याचं म्हणणं आपण खरं करून दाखवलेलं असतं. किती दिवस येणार हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला काय हरकत आहे? कुणी सांगत नाही. टिकून राहतात त्या गावातल्याच आशाताई, कारण त्यांचं घरच तिथं आहे. सरकारी कागदांत त्या 'स्वयंसेविका', त्यांना पगार नाही, मोबदला आहे. 2024 च्या सुरुवातीला वाढीव मोबदल्याचा जीआर निघावा म्हणून त्या मुंबईत आझाद मैदानावर उन्हात बसल्या होत्या. त्यांची झोप कशी आहे हे विचारायला कुठला फॉर्म आहे, मला ठाऊक नाही.

निघताना आशाताईंची वही सहज चाळली. एका नावापुढे सलग चार महिने एकच नोंद होती: 'घर बंद'.

"गाव सोडून गेलेत का हे?"

"छे. घरातच असतात. चुलीचा धूर दिसतो. त्यांना माझं येणं नकोय."

"मग 'नकार दिला' असं लिहायचं ना."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. "नकार लिहिलं की नाव कटतं," त्या म्हणाल्या. "घर बंद लिहिलं की परत जावं लागतं."