पहारा, पथदिवा आणि रहिवासी

मुंबई बेटाची राखण रहिवाशांनीच करायची, ही पद्धत महापालिकेपेक्षा दोनशे वर्षांनी जुनी आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने 1669च्या सुमारास भंडाऱ्यांची शिबंदी उभी केली आणि तिच्या सुभेदारांची ठाणी माहीम, शिवडी, शीव अशा मोक्याच्या जागी बसवली. स्थानिक माणूसच गस्त घालत होता, पण ते सरकारने नेमून दिलेले काम होते. कुठे पहारा हवा, हे त्याला कोणी विचारत नव्हते.

1793च्या सनदी कायद्याने रस्त्यांची सफाई, दुरुस्ती आणि पहारा ही तिन्ही कामे जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे सोपवली. म्हणजे गटार आणि गस्त एकाच हाती होती. पुढे ती फुटली. 1864 साली फ्रँक सूटर पोलिस आयुक्त झाला आणि 1865 साली आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल आयुक्त झाला. पोलिसांच्या खर्चाचा वाटा मात्र शहराच्याच तिजोरीतून जात राहिला. ज्या दलावर आपला अधिकार नाही त्याचे पैसे आपण का भरायचे, या प्रश्नावर नगरसेवक आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे खटके उडाले. अखेर 1907च्या कायद्याने पोलिसखर्च सरकारने उचलला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीचा भार पालिकेने घेतला. व्यवहार म्हणून हे ठीकच झाले. पण पैसे देणाऱ्याला हिशेब मागता येतो, आणि पालिकेच्या हातातला तोही आधार यात सुटला.

1993 मध्ये अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीनेही ही वाटणी बदलली नाही. बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत अग्निशमन आहे, पथदिवे आहेत, पोलिस नाहीत. याचा अर्थ माहीमच्या एखाद्या अंधाऱ्या गल्लीत उभे राहिले की कळतो. बंद दिवा बेस्टचा, उखडलेली पदपथाची लादी दादरच्या जी-उत्तर विभाग कार्यालयाची, कोपऱ्यावरची उपकरप्राप्त मोडकळीस आलेली इमारत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची आणि गस्त माहीम पोलिस ठाण्याची. भीती एकच, पण अर्ज चार.

रहिवाशांना विचारात घेण्याची आजची कल्पना मुंबईत पालिकेच्या दारातून आली नाही, ती दंगलीतून आली. 1984च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988च्या सुमारास मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यांचा भर प्रतिष्ठितांपेक्षा गल्लीतल्या साध्या माणसांवर होता, आणि पोलिस शिपाई त्यांच्याशी नावानिशी ओळख ठेवत असे. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

माहीमने त्या काळात दोन्ही बाजूंचे घाव सोसले. दंगलीची झळ बसलीच, शिवाय 12 मार्च 1993 रोजी कोळीवाड्यावर हातबॉम्ब फेकले गेले. खरे तर पोलिस आणि वस्ती यांचे नाते इथे जुने आहे. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याच्या डिसेंबरातल्या उरुसात पहिला मान माहीम पोलिसांचा असतो. संदलची मिरवणूक पोलिस ठाण्यातून निघते. हा मान सुंदर आहे, पण वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीवर दंगल थांबवण्याची भिस्त ठेवता येत नाही. रोजची ओळख लागते. पोलिस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मुंबईत उभी राहिलेली मोहल्ला कमिटी चळवळ हेच करू पाहत होती. शेजारच्या धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी तेच काम वर्षानुवर्षे केले. अशा बैठका टिकायच्या तर अफवांइतकेच पाणी, कचरा आणि संडास यांवरही बोलावे लागते. आणि ते विषय पोलिसांच्या हातातले नव्हेत.

पालिकेने तिच्या बाजूने 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाचे गट काढले. त्यांचा जन्म कचरा वर्गीकरणासाठी झाला, आणि सोसायट्यांच्या वस्तीत ते जितके रुजले तितके चाळी-झोपडपट्टीत रुजले नाहीत. या गटांत सुरक्षेचा मुद्दा निघाला तरी तक्रार म्हणूनच निघतो.

याच सुमारास जगभर एक साधी रीत पसरत होती. टोरोंटोतील मेट्रॅक या संस्थेने 1989 मध्ये महिलांच्या सुरक्षा पाहणीची पद्धत घालून दिली. काही बायका अंधार पडल्यावर आपल्याच रस्त्यावरून चालतात आणि कुठे दिवा नाही, कुठे भिंतीआड काही दिसत नाही, कुठे हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, हे टिपून ठेवतात. भारतीय शहरांतही महिला संघटनांनी ती वापरली. तिचे वैशिष्ट्य असे की, यादीतल्या बहुतेक नोंदी चोरांबद्दल नसतात. त्या दिवे, पदपथ, स्वच्छतागृहे आणि बसथांबे यांच्याबद्दल असतात. म्हणजे सुरक्षेचा मोठा भाग पालिकेकडेच आहे, फक्त तिच्या कागदांवर त्याला ते नाव नाही.

अशी यादी अधिकृतपणे मांडण्याची जागा कायद्यात आहे. महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली: मतदारांनी ठराव करायचा, नगरसेवकाने तो प्रभाग समितीपुढे न्यायचा. मुंबईत या सभा कागदावरच राहिल्या. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होता, तेव्हा तर ठराव न्यायचा कोणाकडे हाही प्रश्न होता. त्या काळात माहीमच्या रहिवाशाला पोलिस ठाण्यातली बैठक आणि विभाग कार्यालयाची आवक खिडकी हेच दोन मार्ग उरले.