तुटक पेशी, सलग ‘मी’

डिसेंबर १९०६. इटलीचे कामिल्लो गोल्जी आणि स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांना वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले, आणि स्टॉकहोमच्या व्याख्यानात गोल्जींनी ‘मेंदू सुट्या पेशींचा बनलेला असतो’ या काहाल यांच्याच सिद्धांतावर हल्ला चढवला. वाद मेंदूच्या पातळ कापांवरून होता. त्याच्या तळाशी मात्र फार जुना प्रश्न होता: अनुभव घेणारा एक, की अनेक?

साधन दोघांचे एकच, आणि तेही गोल्जींचे. १८७३ मध्ये त्यांनी मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण होतात त्या सगळ्या फांद्यांसकट. या पद्धतीचे सारे मोल त्या ‘मोजक्या’त आहे, सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काहीच दिसले नसते. काहाल यांनी १८८८ मध्ये बार्सिलोनात पक्ष्यांचे अनुमस्तिष्क तपासले. पुढे भ्रूणांचे मेंदू आणि मेरुरज्जूही घेतले, कारण तिथे तंतूंवर रंग अडवणारे मायलिनचे आवरण अजून चढलेले नसते. त्यांना दिसले, की तंतू शेजारच्या पेशीला बिलगतो, पण तिच्यात मिसळत नाही.

गोल्जींना तिथे अखंड जाळे दिसत राहिले. त्यांना नुसते हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. मेंदू एकवटून काम करतो, अशी त्यांची धारणा होती. सुट्या पेशींतून ते एकपण कुठून येणार, ही अडचण खरीच होती. न्याय दर्शनाच्या सूत्रांनी तीच आत्म्याच्या बाजूने मांडली आहे: पाहिलेली आणि चाचपलेली वस्तू एकच, हे ओळखणारा डोळा नव्हे आणि त्वचाही नव्हे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये विचारले, की बारा शब्दांचे वाक्य बारा जणांना एकेक शब्द करून वाटले, तर अख्खे वाक्य कळले कोणाला? बौद्धांचे उत्तर याहून धीट: एकच जाणता हवाच कशाला, क्षणांचा प्रवाह पुरे.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधली फट दाखवली. सुमारे २० नॅनोमीटर! काहाल बरोबर ठरले.

जाळे गेले, पण ‘एक की अनेक’ हा जुना वाद मिटला नाही. नैयायिक आणि बौद्ध, दोन्ही पक्षांचे काम उलट वाढले. जाणता शरीराहून वेगळा असेल, तर मेरुरज्जू तुटताच त्याला पायाची जखम का कळेनाशी होते, हे नैयायिकाने सांगायला हवे. आणि सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचा प्रवाह ‘मला दुखते’ असे एकवचनात का बोलतो, हे बौद्धाने.