पाच भाकरी आणि एक डायनॅमो



आजच्या शुभवर्तमानातील पाच भाकरी आणि दोन मासळ्या आपल्या लक्षात राहतात. त्या ज्याच्याजवळ होत्या त्या मुलाचे नाव मात्र संत योहानाने लिहिलेले नाही. त्याला प्रभूच्या नजरेस आणले अंद्रियाने. तेही अर्ध्या मनाने, एवढ्याशाने काय होणार असे म्हणत. पण आणले.

आफ्रिकेतील मलावी देशात २००१-०२ साली मका पिकला नाही आणि माणसे उपाशी मेली. कासुंगु जिल्ह्यातील विल्यम कामक्वांबाच्या वडिलांना फी भरता आली नाही. चौदा वर्षांच्या पोराची शाळा सुटली. जालन्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २०१२-१३ साली वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा आपण पाहिल्या आहेत आणि ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर बसलेली शाळकरी मुलेही.

विल्यम गावातील छोट्या वाचनालयात जाऊ लागला. इंग्रजी कच्चे, म्हणून आकृत्या पाहून पुस्तक समजून घ्यायचा. त्यात त्याला पवनचक्की दिसली. मग भंगारातला ट्रॅक्टरचा पंखा, वडिलांची मोडकी सायकल, आगीवर मऊ करून सपाट केलेल्या प्लास्टिकच्या पाइपाची पाती. गाव म्हणे, पोरगं येडं झालं. घोडे अडले ते डायनॅमोपाशी. तेव्हा त्याचा मित्र गिल्बर्ट याने एका सायकलवाल्याकडून स्वतःच्या पैशाने डायनॅमो घेऊन दिला. वारा सुटला आणि दिवा लागला. पुढे हाच मुलगा अमेरिकेत शिकून २०१४ साली पदवीधर झाला.

सगळे विल्यमचे कौतुक करतात. मला मात्र गिल्बर्ट आठवतो. सेमिनरीत ॲरिस्टॉटलची ‘शक्यता’ आणि ‘वास्तव’ घोकताना आम्ही दमून जायचो. त्याचे सांगणे साधे होते : लाकडात जळण्याची शक्यता असली तरी ते आपोआप पेटत नाही, आधीच पेटलेले काहीतरी त्याला लागावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावी केरळच्या दोन इंजिनिअरांनी आणि श्रमदान करणाऱ्या आदिवासी गावकऱ्यांनी मिळून उदई नदीवर १५ किलोवॅटचे वीजकेंद्र उभारले. २००३ साली पाड्यांवर दिवे लागले. २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात ते केंद्र बुडाले.

विझवायला नेहमी धरणच लागते असे नाही. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने सॅक्रिस्टीतला बंद पडलेला ॲम्प्लिफायर उघडला होता. जमिनीवर सगळे स्क्रू मांडलेले. मी इतर मुलांसमोर त्याला झापले, “हे तुझं काम नाही. अभ्यास कर.” त्याने मुकाट्याने स्क्रू गोळा करून रुमालात बांधले आणि माझ्या हातात दिले. पुढच्या वर्षी त्याची शाळा सुटली. आता तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो.

तो ॲम्प्लिफायर अजून कपाटात आहे, रुमालही. टोळी निघण्यापूर्वी मी त्याच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीबाहेर एक टेबल मांडलेले असेल. घरातला बंद रेडिओ, मिक्सर, पंख्याची जळालेली मोटर भंगारवाल्याला देऊ नका, इथे घेऊन या. बरोबर तुमची पोरंही आणा. स्क्रू ड्रायव्हर मी आणतो.